सकाळी लाही, दुपारी गारा : गच्चीवरची कोथिंबीर, पुदिना आणि तुळस कशी सांभाळावी?

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला राहते. घराला लागून पश्चिमेकडे उघडी गच्ची आहे आणि तिथे कोथिंबीर, पुदिना, तुळस, कढीपत्ता, गवती चहा आणि पानओवा यांच्या कुंड्या आहेत. एप्रिलमध्ये पारा बेचाळिसाला टेकला तेव्हा कोथिंबीर बोटभर वाढून लगेच फुलावर आली आणि पुदिन्याची पाने करपली. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी देऊ लागले. मे महिन्यात तीन दिवस वळीव झाला, एकदा गाराही पडल्या आणि त्यानंतर आठवड्याच्या आत तुळस व पानओवा दोन्ही काळे पडून गेले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे वॉटर प्युरिफायरमधून वाया जाणारे पाणीही मी कुंड्यांना घालते. शेजारच्या काकू म्हणतात की मृगापर्यंत सगळे सोडून द्यावे. खरेच सोडून द्यावे का? की आत्ताच नवी रोपे आणावीत?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात : ‘सकाळ-संध्याकाळ न चुकता’. तुळस आणि पानओवा उन्हाने गेलेले नाहीत. ही दोन्ही झाडे उष्णता चांगली सोसतात. बेचाळीस अंशांतही त्यांच्या मुळांना हवा आणि माफक ओल मिळत राहिली, तर ती तग धरतात. पण वळवाच्या तीन दिवसांत कुंडीतली माती आधीच तुडुंब भिजलेली असताना वरून दोन वेळचे पाणी चालूच राहिले, तर मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि त्या गरम, ओल्या मातीत मूळकुजीची बुरशी झपाट्याने पसरते. खोड बुंध्याशी काळे पडणे आणि माती ओली असूनही पाने माना टाकणे ही मूळकुजीची लक्षणे आहेत. तुमचे झाड ज्या पाण्याने गेले, तेच पाणी तुम्ही त्याला वाचवण्यासाठी घालत होता, ही गोष्ट वाईट वाटण्यासारखी असली तरी यातच पुढचा उपाय आहे. लहरी उन्हाळ्यात वेळापत्रकाने बाग सांभाळता येत नाही. रोज सकाळी माती पाहून त्या दिवसाचा निर्णय त्या दिवशी घ्यावा लागतो.

मराठवाड्यातला वैशाख पूर्वीही लहरीच होता. जमीन सकाळपासून तापते, तिच्यावरची हवा वेगाने वर चढते, समुद्राकडून बाष्प आलेले असेल तर दुपारी उशिरा उंच ढग उभे राहतात आणि वावटळ, विजा, पाऊस, कधी गारा असा सगळा मारा तासाभरात होऊन जातो. म्हणजे कडक ऊन आणि वळीव यांच्यात वैर नाही. पहिल्यातूनच दुसरा जन्मतो, आणि म्हणून एकाच दिवशी दोन्हींची तयारी ठेवावी लागते. त्यात पावसाळ्याचा आरंभही आता ठरलेल्या तारखेला होईल याची खात्री राहिलेली नाही. २०२५ मध्ये मे महिनाभर राज्यात जागोजागी पाऊस झाला आणि मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोहोचला; त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. ज्यांनी त्या वर्षी उन्हाळ्यासाठी कुंड्यांवर जाड आच्छादन घालून ठेवले आणि पाऊस सुरू झाल्यावरही ते तसेच राहू दिले, त्यांच्या कुंड्यांमध्ये कूज होणे अटळ होते. तेव्हा ‘मृगापर्यंत थांबा’ या काकूंच्या सल्ल्यात तथ्य असले, तरी तो सगळ्या झाडांना सारखा लागू पडत नाही.

आधी पाण्याविषयी लिहितो, कारण तुमच्याकडे ते जपूनच वापरायला हवे. कुंडीच्या मातीत मधले बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहावे. तिथे गारवा आणि ओल लागली, तर वरची माती कितीही पांढरी दिसत असली तरी त्या दिवशी पाणी देऊ नये. कोकोपीट असलेल्या कुंडीत ही फसगत हमखास होते, कारण कोकोपीट वरून वाळते आणि तळाशी भिजलेले राहते. लहान कुंडी उचलून पाहण्याची सवय लावून घेतलीत तर आठवडाभरात तिच्या वजनावरूनच तुम्हाला अंदाज येऊ लागेल. दुपारी तीन वाजता पुदिना किंवा तुळस कोमेजलेली दिसली म्हणून लगेच तांब्या घेऊन धावू नये. पानांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग मुळांच्या वेगाहून जास्त झाला की झाड तात्पुरती मान टाकते आणि माती ओली असेल तर ऊन उतरताच पुन्हा उभे राहते. जे झाड सकाळी सात वाजताही कोमेजलेले दिसते, तेच खरोखर तहानलेले किंवा आजारी असते, आणि या दोहोंपैकी काय ते माती चाचपून कळते.

पाणी सकाळी आठच्या आत, सावकाश आणि तळाच्या छिद्रातून थोडे बाहेर येईपर्यंत द्यावे. रोज ओंजळभर शिंपडल्याने फक्त वरचा थर भिजतो, मुळे वरच घोटाळत राहतात आणि तिथेच ऊन सर्वांत जास्त लागते. गच्चीवरच्या टाकीचे आणि उन्हात पडलेल्या पाइपचे पहिले पाणी दुपारनंतर चटका बसण्याइतके तापलेले असते. ते बादलीत काढून निवू द्यावे. प्युरिफायरच्या वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. जमिनीतल्या मोठ्या झाडांना ते कधीमधी चालते, पण कुंडीत ते साठत जातात, मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरट पापुद्रा धरतो आणि पानांची टोके जळल्यासारखी तपकिरी होतात. ते पाणी फरशी पुसायला वापरावे आणि त्याऐवजी तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले बिनमिठाचे पाणी त्याच दिवशी कुंड्यांना द्यावे. एअर कंडिशनरचे ठिबकणारे पाणीही कुंड्यांना चालते. एखादा मोठा टब असेल तर मटका सिंचन अवश्य करून पाहावे : मातीचे, चकाकी न दिलेले लहान मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि झाकण ठेवावे. मडक्यातून ओल आजूबाजूच्या मातीत तिच्या कोरडेपणानुसार झिरपते. माती ओली असली की झिरपणे आपोआप मंदावते, म्हणून वळवाच्या दिवसांतही ही पद्धत घात करत नाही.

तुमच्या गच्चीचे तोंड पश्चिमेला आहे, आणि माझ्या मते कोथिंबीर-पुदिन्याचे निम्मे दुखणे तिथेच आहे. दुपारी दोन ते सहा या वेळेत तिरपे ऊन कुंडीच्या कडेवर थेट पडते, गच्चीचा स्लॅब खालून तापतो आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कडेची माती पंचेचाळीस अंशांच्याही पुढे जाते. मुळे बहुधा कडेलाच असतात, त्यामुळे पानांआधी मुळे भाजतात. कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळीवर चढवून स्लॅबपासून वेगळ्या कराव्यात, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, मोठ्या आणि उष्णता सोसणाऱ्या झाडांची रांग पश्चिमेला व नाजूक पाल्याची पूर्वेला ठेवावी आणि काळ्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळावे. कढीपत्ता आणि गवती चहा यांना भिंतीसारखे पश्चिमेला उभे केलेत, तर त्यांच्या आडोशाला पुदिना निवांत राहील.

शेडनेट घ्यायचे असल्यास पन्नास टक्के सावलीचे पुरे. पंच्याहत्तर टक्क्यांच्या जाळीखाली पाला लुसलुशीत दिसतो, पण काड्या लांबट आणि लेच्यापेच्या होतात आणि पहिल्याच वाऱ्यात लोळतात. जाळी झाडांवर टेकवू नये. साडेपाच-सहा फूट उंचीवर ताणावी, म्हणजे गरम हवा खालून निघून जाते. तिची एक बाजू पक्की बांधून दुसरी बाजू सहज सुटेल अशा गाठीने बांधण्याचा मी आग्रह धरतो, कारण वळवाआधीचा वारा अशा जाळीला शिडासारखा फुगवतो आणि मग जाळीसोबत तिचे खांबही कुंड्यांवर कोसळतात. गारा पडण्याची चिन्हे असतील आणि वारा फार नसेल तर मात्र हीच जाळी ताणलेली असणे उपकारक ठरते.

मातीबद्दल थोडक्यात. आपल्याकडची काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी ती एकटी कुंडीत भरू नये. भिजली की ती चिखल होते, वाळली की भेगा पडून मुळे तुटतात, आणि लहरी उन्हाळ्यात दोन्ही आठवड्यात एकदा होते. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भाताचे तूस हे मिश्रण बहुतेक पाल्याला मानवते. तळाचे छिद्र खापराने झाकावे, बुजवू नये. वर दोन इंच वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट पसरावे, पण खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी ठेवावी आणि सलग दोन दिवस पाऊस झाला की आच्छादन बाजूला सारून माती वाळू द्यावी. कडक उन्हाच्या दिवसांत खत देऊ नये. झाड त्या वेळी जीव राखण्यात गुंतलेले असते. कच्चे शेणखत तर कुजताना आणखी ऊब देते.

आता कोथिंबिरीकडे वळतो, कारण तुमचा सगळा जीव तिच्यात गुंतलेला दिसतो. कोथिंबीर हे मूळचे थंड हवामानाचे पीक आहे. दिवस मोठा झाला आणि उष्णता वाढली की ती पाने सोडून फुलोऱ्याकडे वळते. खत, पाणी किंवा माया यांपैकी कशानेही तो क्रम उलटवता येत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये मोठ्या, घेरदार कोथिंबिरीची अपेक्षाच ठेवू नये. त्याऐवजी चार-पाच इंच खोल पसरट टोपलीत किंवा ट्रेमध्ये दाट पेरणी करावी, रोपे बोटभर-वीतभर झाली की मुळाजवळून एकदाच कापून घ्यावीत आणि दर दहा-बारा दिवसांनी दुसरा ट्रे पेरत राहावे. असे तीन ट्रे फिरते ठेवले तर एक गारांनी झोडपला किंवा फुलावर आला, तरी दुसरा हाताशी असतो.

पेरणीसाठी धणे या वर्षीचे, वासाचे आणि हिरवट छटेचे निवडावेत. जुन्या धण्यांची उगवण कमी होते. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, म्हणून धणे पाटावर पसरून लाटण्याने किंवा चपलेच्या तळाने हलकेच रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या कराव्यात, पण चुरा होऊ देऊ नये. रात्रभर माठातल्या गार पाण्यात भिजवून, निथळून, ओल्या सुती फडक्यात बांधून घरात सावलीला ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांनी, कोंब फुटण्याच्या बेतात आले की पेरावेत. माती तीस अंशांच्या वर तापलेली असताना धणे नीट उगवत नाहीत. म्हणून पेरलेला ट्रे घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. उगवण दिसू लागताच गोणपाट त्याच दिवशी काढावे, नाहीतर रोपे पिवळी आणि लांबोडकी होतात. पुढे सकाळचे नऊ-दहापर्यंतचे ऊन पुरे. फुलावर आलेली जुनी कोथिंबीरही लगेच उपटू नये. तिच्या पांढऱ्या फुलांवर मावा खाणारे कीटक येतात, आणि हिरवे कोवळे धणे चटणीत घातले तर त्यांचा स्वाद पानांनाही मागे टाकतो. कोथिंबिरीचा नाद काही आठवडे सोडायचा असेल, तर मेथी दाट पेरून तीन आठवड्यांत कोवळी उपटावी. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथी म्हणून ज्या इवल्या जुड्या येतात, त्या वाळूत अशाच दाट वाढवून कोवळ्या काढलेल्या असतात.

पुदिन्याचे तसे नाही. त्याची वरची पाने करपली तरी मातीलगत पसरणारी धावती खोडे जिवंत असतात. करपलेला भाग दोन बोटे ठेवून कापून टाकावा, कुंडी सावलीला न्यावी, माती सतत दमट ठेवावी पण पाणी तुंबू देऊ नये; काही दिवसांत नवे धुमारे दिसतील. पुदिन्याला खोल कुंडीपेक्षा पसरट टब आवडतो. शिवाय चार-पाच निरोगी काड्या, खालची पाने काढून, ओट्यावर पाण्याच्या ग्लासात ठेवाव्यात आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. आठवडा-दीड आठवड्यात त्यांना मुळे फुटतात. गच्चीवर काहीही झाले तरी घरात बियाण्यापुरता पुदिना राहतो.

तुळशीविषयी मात्र मला जरा विस्ताराने सांगायचे आहे. तुळस आपल्या घरात पूजेची असल्यामुळे स्नान केलेला प्रत्येक जण तिला तांब्याभर पाणी घालतो, आणि घरात चार माणसे असतील तर चार तांबे होतात. अनेक वृंदावनांना तळाशी छिद्रच नसते. अशा वेळी पूजेचे पाणी पळीभर घालावे, श्रद्धेला ते पुरते, आणि झाडाच्या गरजेचे पाणी माती पाहून एकाच व्यक्तीने द्यावे. वृंदावनात थेट माती भरण्याऐवजी छिद्रे असलेली कुंडी आत विटेच्या तुकड्यांवर बसवणे सर्वांत सुरक्षित. मंजिऱ्या झाडावर पिकू दिल्या तर तुळस बी धरून म्हातारी होते, म्हणून त्या वेळोवेळी खुडाव्यात. थोड्या वाळवून त्यांतले बी जपून ठेवावे. तुमच्या गेलेल्या तुळशीची माती दुसऱ्या तुळशीसाठी वापरू नये. ती पातळ पसरून कडक उन्हात आठ-दहा दिवस उलथापालथ करत तापवावी आणि मग एखाद्या वेगळ्या झाडाला घ्यावी.

पानओव्याच्या जाड पानांत पाणी साठलेले असते, त्यामुळे तो छज्जाखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी असावा आणि उन्हाळ्यातही त्याला दोन-तीन दिवसांआड पाणी पुरते. कढीपत्ता आणि गवती चहा यांची काळजी करू नका. कढीपत्त्याचे शेंडे खुडत राहावे, गवती चहाची वाळकी पाती कापावी, एवढेच.

ज्या दिवशी हवामान विभागाचा मेघगर्जनेचा इशारा असेल त्या दिवशी सकाळी पाणी देऊच नये किंवा अगदी लहान ट्रेंना थोडेसे द्यावे. काढण्याजोगा पाला सकाळीच खुडून घ्यावा, कारण गारांनी फाटलेल्या पानांपेक्षा फ्रिजमध्ये फडक्यात गुंडाळलेली पाने बरी. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात, उंच कुंड्या कठड्यावरून खाली उतरवून भिंतीशी लावाव्यात आणि कोथिंबिरीचे ट्रे आत घ्यावेत. हे सगळे दुपारच्या आत उरकावे. गडगडाट ऐकू आल्यावर कितीही लाडके झाड बाहेर राहिले असले तरी गच्चीवर पाऊल ठेवू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येकाने ते फोनमध्ये ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

पाऊस ओसरल्यावर फाटलेली पाने कापावीत, मातीवर धरलेला पापुद्रा खुरपीच्या टोकाने हलका मोकळा करावा आणि बोटाला कोरडे लागेपर्यंत पाणी पूर्ण बंद ठेवावे. झोडपलेल्या झाडाला दया येऊन खत घालण्याचा मोह टाळावा. पावसानंतर लगेच कडक ऊन पडले तर मऊ पडलेली पाने भाजतात, म्हणून दोन दिवस जाळी ताणलेलीच असू द्यावी.

किडींचाही असाच ऋतुभेद आहे. कोरड्या, तापलेल्या दिवसांत तुळस आणि पुदिन्याच्या पानांखाली लाल कोळी होतो, पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा त्यावरचा पहिला उपाय. दमट दिवसांत मावा, पिठ्या ढेकूण आणि कोथिंबिरीवर भुरी येते. मावा आणि पिठ्या ढेकूण आटोक्यात नसतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता थेंबभर द्रवरूप साबण घालून, ऊन पूर्ण उतरल्यावरच फवारावे. उन्हात फवारलेले तेल पाने जाळते. फवारलेला पाला आठवडाभर खाऊ नये आणि नंतरही नीट धुऊन घ्यावा. घरच्या ताटात जाणाऱ्या पाल्यावर रासायनिक कीटकनाशक मारू नये, असे माझे ठाम मत आहे. कढीपत्त्यावर हिरव्या, गुबगुबीत अळ्या दिसल्या तर त्या बहुधा फुलपाखराच्या असतात. झाड मोठे असेल तर त्यांना राहू द्यावे, लहान असेल तर हाताने उचलून दुसरीकडे सोडाव्यात.

नवी रोपे आत्ता आणावीत का, या प्रश्नाचे उत्तर झाडागणिक वेगळे आहे. तुळशीचे तयार रोप मेच्या उत्तरार्धात आणू नका. रोपवाटिकेत ते जाळीखाली, रोजच्या पाण्यावर वाढलेले असते आणि तुमच्या पश्चिमेच्या उन्हात ते आठवडाही काढणार नाही. पावसाच्या दोन-तीन सरी होऊन हवा निवली की जपून ठेवलेले बी पेरा किंवा तेव्हा रोप आणा, आणि आणल्यावर पहिला आठवडा ते सावलीत ठेवून हळूहळू उन्हाला सरावू द्या. पानओव्याची फांदी काकूंकडे किंवा ओळखीत कुठे मिळाली तर ती मात्र लगेच आणायला हरकत नाही : बोटभर फांदी कापून एक दिवस सावलीत सुकू द्यावी आणि जेमतेम ओलसर मातीत खोचावी. कोथिंबिरीचा पहिला ट्रे या आठवड्यातच पेरा. आणि गवती चहाचा गड्डा दाटला असेल, तर तो जूनमध्ये फोडून एखादा फुटवा काकूंनाही द्या.